चार किलोत एक ग्रॅम मिरची

ज्या माणसाला पंख्याचा वारा टोचतो, त्या माणसाबरोबर एप्रिल महिन्यात एका खोलीत राहणं म्हणजे काय असतं, ते वासंतीवहिनींना विचारा. किंवा नकाच विचारू. त्या सांगायला लागतात.

दत्ताराम उतेकर हे त्यांचे यजमान. मूळ गाव पोलादपूरकडचं. भाईंदर पूर्वेला, खारी गाव जिथे संपतं आणि आमच्या इमारती जिथे सुरू होतात, तिथे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा मसाला कुटायचा डंक आहे. होळी पेटून विझली की त्या गाळ्यात लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली व्हायला लागतात, ती मे संपेपर्यंत. वरच्या मजल्यांवरच्या कपाटांतल्या बश्या त्या तालावर वाजतात. इमारतीत नवा भाडेकरू आला की आठ दिवस आवाजाची तक्रार करतो आणि नवव्या दिवशी स्वतःच्या मिरच्या घेऊन खाली रांगेत उभा राहतो.

रांगेत बहुतेक बायका. कुणाच्या नाकाला पदर, कुणाच्या ओढणी, डोळ्यांतून पाणी, आणि शिंकांवर शिंका. या सगळ्या गदारोळात स्टुलावर दत्ताराम बसलेले असायचे. नाकाला काही नाही, डोळे कोरडे, चेहऱ्यावर देवळातल्या पुजाऱ्याची शांती. कुणी शिंकलं की ते हमखास म्हणायचे, ‘‘एकतीस वर्षं झाली ताई, एक शिंक नाय आली मला.’’

हे वाक्य मी स्वतः हजारदा तरी ऐकलं असेल. वासंतीवहिनींनी किती वेळा ऐकलं असेल, याचा विचार केला की त्यांच्या बाकीच्या स्वभावाबद्दल मला काही म्हणावंसं वाटत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. दत्तारामांसारखा मसाला कुटणारा माणूस या भागात दुसरा नाही. मुसळाच्या आवाजावरून त्यांना कळतं. मिरची आधी खडखडते, मग फसफसते, आणि एका क्षणी आवाज जाड होतो. तेव्हा ते चिमूट उचलून अंगठ्याने घासतात आणि म्हणतात, ‘‘बसली.’’ ‘बसली’ म्हटलं की त्या क्षणाला मशीन बंद झालं पाहिजे. अर्धं मिनिट उशीर झाला तर मसाला तापतो आणि रंग उतरतो, असं त्यांचं म्हणणं. मशीन बंद करायला सुगंधा असते. गेली दोन वर्षं ती डंकावर कामाला आहे आणि ‘बसली’ या शब्दावर तिचा हात आपोआप बटणावर जातो. घरी नवरा सोफ्यावर टेकताना ‘बसलो’ म्हणाला तरी हात पुढे होतो, असं तीच सांगते.

तर अशा या माणसाला फेब्रुवारीत नागीण झाली.

पाठीपासून डाव्या काखेखालून छातीपर्यंत, लाल फोडांचा पट्टा. मग जे व्हायचं ते झालं. इमारतीतल्या प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला आणि दत्तारामांनी सगळ्यांचे ऐकले. नाही ऐकलं ते फक्त रसिकाचं. रसिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. एमएस्सी झाली आणि मुंबईत एका प्रयोगशाळेत मज्जापेशींवर संशोधन करते. म्हणजे ज्या एका विषयात घरात शहाणं माणूस होतं, नेमका त्याच विषयातला आजार घरात आला, आणि घरच्यांनी काय केलं? गेरू लावला.

‘‘पप्पा, हा कांजिण्यांचा विषाणू आहे. लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या ना, तेव्हापासून तो नसेत लपून बसलेला असतो. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू करायला लागतं.’’

‘‘आधी तोंड आणि शेपूट भेटतंय का ते बघूया.’’

‘‘त्याला तोंड नसतं!’’

‘‘मग नागीण कशाला म्हणतात?’’

दोन्ही टोकं भेटली की माणूस दगावतो, असं सगळ्या इमारतीचं ठाम मत. वासंतीवहिनी रोज सकाळी शिवणाची टेप घेऊन पट्ट्याच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या आणि खिडकीतून समोरच्यांना कळवायच्या, ‘‘अजून चौदा इंच आहेत हो!’’ असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी रसिका वडिलांना अक्षरशः ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. फोड तीन आठवड्यांत सुकले. तोंड आणि शेपूट काही भेटले नाहीत. पण दुखणं गेलं नाही.

आणि दुखणं तरी कसलं? दाबलं तर फारसं काही नाही. पण शर्ट घातला की आग. चादर लागली की आग. वारा आला की आग. डॉक्टरीणबाईंनी नसांसाठी गोळी दिली, तर ती घेऊन हे दुपारी स्टुलावर पेंगायला लागले. धाडधाडणाऱ्या लोखंडी मुसळाशेजारी पेंगणारा माणूस बघून सुगंधा ओरडली, वहिनी ओरडल्या, आणि गोळी बंद झाली. मग दत्तारामांनी शर्ट सोडला. उजव्या खांद्यावर टॉवेल टाकून, डावी बाजू उघडी टाकून ते डंकावर बसायला लागले.

आता ऐन हंगाम. रांग बायकांची. पुढे उघडाबंब, पोट सुटलेला, बरगड्यांवरचे गेरूचे डाग न गेलेला माणूस. दोघी-तिघी तर पिशव्या घेऊन दारातूनच परत गेल्या. वासंतीवहिनी म्हणाल्या, ‘‘शर्ट घालून खाली बसा, नाहीतर वरती बसा.’’

त्यांनी प्रयत्न केले, हे मला मान्य करायलाच हवं. मलमलचा झब्बा झाला. बनियन झाला. बनियन उलटा घालून झाला, कारण शिवण टोचायची. एक दिवस तर त्यांनी मसाला चाळायची मोठी प्लास्टिकची चाळण शर्टाच्या आत डाव्या बाजूला सुतळीने बांधली, म्हणजे कापड अंगाला लागू नये. दिसायला असं दिसत होतं की हा माणूस दुसऱ्याच्या दुकानातून कलिंगड पळवतोय. ती चाळण दुपारी एका बाईच्या ऐन मसाल्यात पडली.

त्या संध्याकाळी दत्तारामांची रवानगी पहिल्या मजल्यावर, घरात झाली. स्टुलावर वासंतीवहिनी बसल्या.

खरा त्रास तिथून सुरू झाला, कारण दत्तारामांचं घर बरोब्बर डंकाच्या डोक्यावर. ते बाल्कनीत उघडे बसायचे, मुसळाचा आवाज फरशीतून पायांना लागायचा, आणि मग वरून आकाशवाणी व्हायची.

‘‘बसली! सुगंधा, बंद कर! बसली!’’

खाली वहिनी, ‘‘अहो, ते धणे आहेत!’’

‘‘धणे पण बसले!’’

सुगंधाच्या हाताला वरच्या आवाजाची सवय. वहिनी ‘चालू ठेव’ म्हणाल्या तरी तो बटणावर जायचा. एका दिवसात मशीन सव्वीस वेळा बंद झालं. एका मारवाडी बाईने मला जिन्यात गाठून विचारलं, ‘‘भाईसाब, ऊपर कौन बैठा है? इन्स्पेक्टर?’’

मी म्हटलं, ‘‘मालक हैं.’’

‘‘तो नीचे क्यों नहीं आते?’’

‘‘शर्ट का प्रॉब्लेम है,’’ असं मी म्हणालो. त्यानंतर त्या बाई माझ्याशीसुद्धा जरा जपूनच बोलतात.

आणि अशातच गिरिजामावशी उगवल्या.

गिरिजामावशी खारी गावातल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. ज्या शेतात त्यांनी भात लावला तिथे आता सात मजली इमारत आहे, आणि तिच्या गच्चीवर त्या अजून हक्काने मिरच्या वाळत घालतात. वॉचमन त्यांना जिन्याची किल्ली न मागता देतो. एकतीस वर्षांपूर्वी दत्तारामांनी डंक सुरू केला तेव्हा पहिले आठ दिवस कुणी फिरकलं नव्हतं. नवव्या दिवशी गिरिजामावशी डोक्यावर डबा घेऊन आल्या, मसाला कुटून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं खारी गाव आलं. तेव्हापासून दर मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी त्या येतात आणि हंगामातला त्यांचा घाणा दत्ताराम स्वतः कुटतात. बाकी जगाचं काहीही होवो.

मावशींच्या कानावर सगळं गेलेलं होतं. त्या स्वतः आल्या, खालून वर बघत उभ्या राहिल्या. दत्ताराम बाल्कनीत.

‘‘काय रं दत्तू, तू वरती काय कावल्यासारा बसलास?’’

‘‘दुखतंय मावशी.’’

‘‘दुकतंय त दुकतंय. मे म्हयन्याच्या बुदवारी खाली हायस का न्हाय ते सांग.’’

‘‘वासंती आहे ना खाली. ती कुटेल.’’

‘‘वासंतीला मी काय बोलत न्हाय, चांगली बाई हाय. पन मना तुज्या हातचा पायजे. तू नसशील त मी मसाला मोरव्याला न्हेन. माज्या बहिनीच्या सुनेचा डंक हाय तिकडं. तो पन इजेवर चालतो. आनि ती शर्ट घालते.’’

एवढं बोलून मावशी गेल्या. त्या दिवशी खाली तीन घाणे झाले, पण वरून एकदासुद्धा ‘बसली’ आलं नाही. वासंतीवहिनींनी दोनदा वर बघितलं. तिसऱ्यांदा त्या चहा घेऊन वर गेल्या.

एप्रिलच्या मध्यावर डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. ट्यूब घेऊन दत्ताराम माझ्याकडे आले, कारण अक्षरं बारीक आणि रसिका प्रयोगशाळेत. माझ्याकडून झालेली ही चूक मी इथे लिहून ठेवतो. मी ते वाचून दाखवलं.

‘‘यात मिरचीचा अर्क आहे.’’

‘‘कशाचा?’’

‘‘मिरचीचा. दिवसातून चार वेळा लावायचं. नेमाने.’’

दत्ताराम माझ्याकडे असे बघायला लागले, की जसं काही मी त्यांना त्यांच्याच दुकानातला मसाला विकतोय. ‘‘मिरची लागली तर आग होते. मला आधीच आग होतेय. आणि औषध काय, तर मिरची.’’ मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी ट्यूब उघडून वास घेतला, पुन्हा घेतला, बोटावर घेऊन अंगठ्याने घासलं. ‘‘यात मिरची नाय.’’

‘‘आहे. शून्य पूर्णांक शून्य पंचवीस टक्के.’’

‘‘म्हणजे किती?’’

मी आकडेमोड केली. करायला नको होती. ‘‘चार किलो मलमात एक ग्रॅम.’’

‘‘चार किलोत एक ग्रॅम?’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘एवढी तर माझ्या भिवयांत अडकलेली असते! मिरची दाखवून आणलीय नुसती. लोकांना काय फसवतात!’’

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी नव्हतं ओळखलं, याचं मला अजून वाईट वाटतं. एक सांगतो, जगात हे मलम वापरणारे हजारो लोक असतील, पण त्यात कमी पडली म्हणून वरून चमचाभर लवंगी मिरचीची पूड घालून ते ढवळणारा माणूस फक्त आमच्या इमारतीत निघाला. खरी, यंदाची, बारीक चाळलेली लवंगी. त्यांनी ते मिश्रण वाटीत कालवलं आणि डाव्या बरगड्यांवर लिंपलं.

किंकाळी ऐकून मुसळ थांबलं. सुगंधाने बटण दाबलं होतं. शब्द कोणताही असो, वरून आवाज आला की बंद.

मी वर पोचलो तेव्हा दत्ताराम खोलीत गोल फिरत होते आणि बादलीतलं पाणी अंगावर घ्यायच्या बेतात होते. वासंतीवहिनींनी बादली लाथेने सरकवली. ‘‘पाणी नाही! तेल!’’ मिरची पाण्याने जात नाही, तेलात उतरते, हे डंकावरच्या माणसाला सांगायला लागावं? पण स्वतःच्या अंगावर आलं की माणूस काय विसरेल सांगता येत नाही. वहिनींनी खोबरेल ओतलं, फडक्याने टिपून घेतलं, साबण लावला आणि वर अर्धा किलो दही थापलं. दत्ताराम दह्यासकट खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी, पण शिंक नाही.

‘‘एकतीस वर्षं झाली...’’ त्यांनी क्षीण आवाजात सुरुवात केली.

‘‘एक शब्द बोललात तर वर कांदा चिरून घालीन,’’ वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. कातडी शांत होईपर्यंत आठ दिवस मलमही बंद. आणि यापुढे मिरचीच्या धुळीजवळ जायचं नाही, डंकाकडची बाल्कनीसुद्धा बंद ठेवायची. म्हणजे दत्तारामांची आकाशवाणी आता खाली ऐकू येणार नाही. रांगेतल्या बायकांनी हे ऐकून मनापासून समाधान व्यक्त केलं.

त्या रविवारी रसिकाने वडिलांना समोर बसवलं. मी दही पोचवायला गेलो होतो, म्हणून मीही बसलो.

‘‘पप्पा, हे बाल्कनीचं दार बघा.’’

दार बंद होतं, पण त्याची कडी सैल झालेली होती. खाली मुसळ सुरू झालं की दार थरथरायचं, आणि थोड्या वेळाने कडी निसटून आपोआप उघडायचं.

‘‘आधी हे जोरात ढकलल्याशिवाय उघडत नव्हतं ना? आता नुसत्या थरथरीने उघडतं. तुमच्या नसेत हेच झालंय. कातडीतल्या नसेच्या टोकावर बारीक दारं असतात. चॅनल म्हणतात. दार उघडलं की बाहेरचे सोडियमचे, कॅल्शियमचे विजेचा भार असलेले कण आत घुसतात, आणि नस मेंदूला कळवते, आग. यातलं एक दार त्रेचाळीस अंशांच्या वर तापलं की उघडतं. आणि मिरची लागली की उघडतं.’’

‘‘तेच दार?’’

‘‘तेच. म्हणून मिरची लागली की भाजल्यासारखं वाटतं. भाजलेलं काहीच नसतं.’’

दत्ताराम विचारात पडले. एकतीस वर्षांत मिरचीबद्दल नवीन काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. ‘‘पण माझा शर्ट काय त्रेचाळीस डिग्री आहे?’’

‘‘नाही ना. तुमची कडी सैल झालीय. आता ते दार अंगाच्याच उबेला उघडतंय. म्हणजे एवढंच एक कारण असतं असं नाही, स्पर्शाची दारं वेगळी, त्यांचाही घोळ झालाय. पण आगीचं कारण हे.’’

‘‘कडी सैल कुणी केली?’’

‘‘रिसेप्टरनी. ते नसेच्या टोकावर, दाराच्या शेजारीच बसलेले असतात. आजूबाजूला सूज आली की त्या सुजेची रसायनं येऊन त्यांना चिकटतात. रिसेप्टर स्वतः दाराला हात लावत नाही. तो आत निरोप पाठवतो. आतून दुसरं कुणीतरी येतं आणि कडीचा स्क्रू फिरवतं.’’

‘‘म्हणजे स्वतः काय करत नाय. नुसता सांगतो.’’

‘‘हो.’’

‘‘जागचा पण हलत नाय?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि त्याच्या सांगण्यावरून भलतीकडे मशीन चालू-बंद होतं.’’

‘‘बरोबर!’’ रसिका खूश झाली. ‘‘पप्पा, आमच्या लॅबमध्ये नवीन मुलांना हे समजायला दोन आठवडे लागतात.’’

‘‘त्यांनी वरती बसून ओरडणारा माणूस बघितला नसेल,’’ स्वयंपाकघरातून वासंतीवहिनी म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे पाठवून दे. एका दिवसात समजेल.’’

दत्तारामांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. ‘‘मग त्या सांगणाऱ्याचं तोंड बंद करायचं औषध द्या. दाराला मिरची कशाला?’’

‘‘सूज कधीच गेली पप्पा, सांगणारे गप्प झालेत. पण कडी सैल ती सैलच राहिली. म्हणून आता दाराशीच काम करायचं. मिरचीचा अर्क थोडा थोडा, रोज लागत राहिला की दार सारखं उघडतं, कॅल्शियम आत साचतो आणि शेवटी नसच ते दार बंद करून टाकते. तुमच्या नाकातली दारं तशीच बंद झालीत. म्हणून तुम्हाला शिंक येत नाही.’’

‘‘म्हणजे ते माझं कसब नाय?’’

‘‘नाही.’’

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण जवळपास तेच होतं.

‘‘आणि चार किलोत एक ग्रॅम म्हणून तुम्ही हसलात ना,’’ रसिका म्हणाली, ‘‘तो एक ग्रॅम पूड नाही, शुद्ध अर्क आहे. पाव किलो लवंगी आटवली तर कसाबसा निघेल. पण जोरापेक्षा नेम महत्त्वाचा. चार वेळा म्हणजे चार वेळा. दोन दिवस सोडलंत की दारं पुन्हा जागी होतात. सुगंधाताईंचं आठवा. पहिल्या वर्षी आठ दिवस रडत होत्या की नाही? मग सवय झाली. मग महिनाभर गावाला गेल्या.’’

‘‘आल्यावर परत रडली,’’ दत्ताराम हळूच म्हणाले.

‘‘पहिल्या दिवसासारखी.’’

सुगंधाचं उदाहरण त्यांना पटलं. मुलीचं एमएस्सी आणि डॉक्टरीणबाईंची पाटी यांनी जे झालं नाही, ते सुगंधाच्या रडण्याने झालं. बंदीचे उरलेले दिवस ते नुसते कॅलेंडरकडे बघत बसले आणि नवव्या दिवशी मलम सुरू झालं.

पहिले आठ दिवस भयंकर गेले. मलम लावलं की अर्धा तास आग. दिवसातून चार वेळा. दत्ताराम शिव्या देत नाहीत, पण त्या आठ दिवसांत त्यांनी पोलादपूर तालुक्यातल्या सगळ्या मयत नातेवाइकांना नावानिशी हाका मारल्या. आमच्याकडच्या सगळ्यांना त्यांचं वेळापत्रक पाठ झालं. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच, रात्री जेवणानंतर. पाचच्या हाकेला शाळेतून आलेली मुलं दूध प्यायला घरी पळायची. वहिनी रोज म्हणायच्या, ‘‘सोडून द्या, नाही सोसत तर. मावशींची मी समजूत काढीन.’’ हे रोज म्हणायचं, आणि वेळ झाली की हातमोजा घालून ट्यूब घेऊन पुढे यायचं. दुसऱ्या आठवड्यात हाका कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी पंखा लावला, एकवर. मग चादर. मग बनियन, पाच मिनिटं.

मेचा शेवटचा बुधवार उजाडला. दत्ताराम जिन्यावरून खाली आले. अंगात शर्ट होता. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि उलटा. शिवणी बाहेर, खिसा आत, बटणं कशीबशी आतून लावलेली. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, एका घाण्यापुरती.

गिरिजामावशी स्टुलासमोर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या होत्या, डबा मांडीवर. त्यांनी आपादमस्तक बघितलं.

‘‘शर्ट उलटा घातलास.’’

‘‘मुद्दाम मावशी.’’

‘‘मुद्दाम का रं? पुडच्या वर्साला आतलं आंग बाहेर काडशील?’’

रांग हसली. दत्तारामही हसले. सुगंधाने बटण दाबलं. मुसळं पडायला लागली. लाल धूळ उठली, बायकांनी पदर नाकाला लावले. जवळजवळ दोन महिन्यांनी दत्ताराम स्वतःच्या स्टुलावर बसले होते, डोळे मिटून, कान मुसळाकडे. मिरची खडखडली, फसफसली, आवाज जाड व्हायला लागला. दत्तारामांनी चिमूट उचलली, अंगठ्याने घासली, तोंड उघडलं, आणि...

शिंकले.

डंकावर कुणी शिंकलं तर कोण लक्ष देतं? पण त्या शिंकेवर सगळी रांग थिजली. वासंतीवहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. दत्तारामांचा हात झटकन डाव्या बरगड्यांवर गेला, आता आग होणार म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि त्यातच दुसरी आली. तिसरी आली. चौथी, पाचवी. सुट्टी टाकून खास हजर राहिलेली रसिका कोपऱ्यातून ओरडली, ‘‘पप्पा! दारं! नाकातली दारं जागी झाली! महिनाभर मिरची नव्हती ना!’’ तिच्या आनंदाला सीमा नव्हती. ती मोजत होती. अशा मुलीला काय म्हणायचं?

‘‘ब... ब...’’ दत्ताराम म्हणत होते, आणि ‘सली’ यायच्या आधी शिंक येत होती. सुगंधाचा हात बटणावर, डोळे त्यांच्या तोंडाकडे. मसाला तापत होता. मावशींचा मसाला! अर्धं मिनिट होत आलं. शेवटी दत्तारामांनी वासंतीवहिनींचा पदर ओढून नाकाला लावला आणि उरलेल्या हाताने सुगंधाला खूण केली. मशीन थांबलं.

अकरा झाल्या होत्या, असं रसिकाचं म्हणणं. अकराव्या शिंकेनंतर दत्ताराम तसेच बसून राहिले, पदर नाकाला, दुसरा हात बरगड्यांवर. मग त्यांनी तो हात हळूच काढला. मग बरगड्यांवरून हलकेच फिरवून बघितला. शर्टावरून, शिवणीवरून.

‘‘काय होतंय का?’’ वहिनींनी विचारलं. आवाज एकदम खाली आलेला.

‘‘होतंय,’’ ते म्हणाले. ‘‘थोडं. पण शिंकेला बरगडी हलते ना, तेवढंच. आग नाय.’’

मावशी उठल्या. मसाल्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं, उजेडाकडे धरून रंग बघितला. सगळे थांबले होते. मोरव्याचा डंक रिक्षाने अर्ध्या तासावर होता.

‘‘यंदाचा जरासा लाल कमी हाय,’’ त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. ‘‘चालंल. पुडच्या वर्साला शिंकायचं ते आदी शिंकून घे.’’

जाता जाता त्यांनी दत्तारामांच्या पाठीवर थाप मारली, डावीकडे, नेमकी तिथेच. वासंतीवहिनी ‘अहो मावशी!’ म्हणून पुढे झाल्या. दत्ताराम कळवळले, मग कळवळायचं थांबले, आणि मग जरा आश्चर्याने, पुढचं गिऱ्हाईक कोण म्हणून रांगेकडे बघायला लागले.

‘‘एकच घाणा सांगितलाय!’’ वहिनी ओरडल्या. ‘‘उठा!’’

ते उठले नाहीत. रांगेत पुढे एक नवी बाई होती, आमच्याच इमारतीत भाड्याने आलेली. तिने पिशवी उघडली आणि ती जोरात शिंकली. दत्तारामांनी सवयीने छाती पुढे काढली. ‘‘एकतीस वर्षं झाली ताई...’’

सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. सुगंधा तर तोंड दाबून उभी होती.

‘‘...पदर लावा नाकाला,’’ दत्ताराम म्हणाले, आणि वासंतीवहिनींचा पदर सोडायचं विसरून, तो धरूनच पुढच्या मिरच्या बघायला लागले.